थाळी दिसेनाशी होते ती गाठ

आपल्या रायपूरच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. रेल्वेतले काका लिहितात, ट्रेझरीतून निवृत्त झालेल्या काकू लिहितात. यंदा माझं नाव कुणी सुचवलं मला माहीत नाही. मी निवृत्त झालेली नाही. खरं तर अजून पुरती नोकरीलाही लागलेली नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आठवड्यातून दोन दिवस शाळेच्या मुलांना नदीवर नेते. त्याचं मानधन मिळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे काम नेमकं काय आहे ते घरच्यांनाही मला अजून नीट सांगता आलेलं नाही. बाबा उरल्याच्या औद्योगिक भागात रोलिंग मिलमध्ये शिफ्टला असतात. त्यांना वाटतं मी पाण्याच्या खात्यात आहे. आईला काय वाटतं ते ती रोज बोलून दाखवते.

"काहून जात राह्यते व त्या नदीवर? लोकाच्या पोट्ट्या बँकेच्या परीक्षा देऊन राह्यल्या, अन् आमची थाळी बुडवून राह्यली!"

थाळीचं पुढे सांगते.

आमचा वर्ग खारून नदीवर भरतो. रायपूरच्या वाचकांना खारून सांगायला नको, पण हा अंक अमरावती-वर्ध्याच्या नातेवाइकांकडेही जातो म्हणून सांगते, की आमच्या नळाला येतं ते पाणी हिचं, आणि आमच्या माणसांच्या अस्थी जातात त्याही हिच्यातच. वर्ग सुरू केला अनघा मॅडमनी. त्या पुण्याहून बदलीवर आलेल्या, शंकर नगरला राहतात, एका संस्थेत शास्त्रज्ञ आहेत आणि कविता लिहितात. त्यांचं म्हणणं असं, की मुलांना नुसता आकडा दिला तर तो परीक्षेनंतर विसरतात, आणि नुसती कविता दिली तर नदी निळीशार आणि खळखळ वाहणारी होऊन जाते. ती तशी नाही. म्हणून दोन्ही एकत्र.

पद्धत साधी आहे. प्रत्येक मुलाने काठावर आपली जागा निवडायची, दुसऱ्यापासून लांब. दहा मिनिटं कुणाशी बोलायचं नाही. पाण्याकडे बघून एक ओळ लिहायची. त्यानंतरच उपकरणं बाहेर काढायची: थर्मामीटर, रंग बदलणारे कागद, आणि विरघळलेला प्राणवायू बघायची बाटली, जिच्यातला निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजत बसायचं. आधी ओळ, मग आकडा. उलटं केलं तर मुलं आकड्याचीच कविता करतात हे आम्ही अनुभवाने शिकलो. ओळी मुलं हिंदीत लिहितात, छत्तीसगढीत लिहितात; इथे मी त्या मराठीत सांगते आहे.

ह्या दहा मिनिटांची मला सुरुवातीला भीती वाटायची, हे कबूल करते. एका पावसाळी सकाळी वीस-बावीस मुलं गवतात विखरून बसली होती. वर्ग संपल्यावर मी ओळी वाचायला घेतल्या. एकीने लिहिलं होतं, "आम्ही येण्याआधी इथे कुणीतरी बोलत होतं." मी कौतुक केलं. पुढचा कागद एका मुलाचा, तो पार दुसऱ्या टोकाला बसलेला. "ते गप्प झाले, पण गेलेले नाहीत." तिसऱ्याने लिहिलं, "सगळे आपल्याकडे बघतायत." मुलं एकमेकांशी बोलली नव्हती, मी स्वतः लक्ष ठेवून होते. मी मागे वळून बघितलं. गवत आणि पाणी, दुसरं काही नाही.

मॅडमना फोन केला तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, बेडूक. पायांची कंपनं जमिनीतून लागली की एकदम सगळे थांबतात. आपण ऐकलेलं नसतं, पण थांबलेलं आपल्याला कळतं." मी हे मुलांना सांगितलं. मुलं खूश झाली. मी मात्र अजूनही नदीवर जाताना शेवटची काही पावलं हळू टाकते, ते बोलणं थांबायच्या आधी ऐकू येईल म्हणून. अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.

उरल्याच्या शाळेची मुलं आम्ही नाल्यावर नेली तेव्हाही असंच झालं. ऐन पौषात सगळी कुडकुडत होती आणि एका पोराने लिहिलं, "नाल्याला थंडी वाजत नाही." थर्मामीटर टाकला तर कारखान्यांतून येणारं ते पाणी खरंच हवेपेक्षा पुष्कळ कोमट. वाफ आम्हाला दिसत होती, पण आम्ही सगळे तिला धुकं समजत होतो. असे प्रसंग आले की मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो. कुठे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहून घेते.

आता हेमिनबद्दल. खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

शहराबाहेर खारूनवर एक एनिकट आहे, म्हणजे पाणी अडवायचा लहान बांध. वरून चालत जायला सिमेंटची पट्टी, एका बाजूला लोखंडी कठडा, खाली ओळीने खांब. तिथल्या गावाची शाळा आमच्याकडे होती. हेमिन आठवीतली, सडपातळ, दोन वेण्या, कमी बोलणारी. तिला आवडायची थाळी.

थाळी म्हणजे पाणी किती गढूळ आहे ते मोजायची तबकडी. बाजारात महाग मिळते, म्हणून आम्ही घरची स्टीलची थाळी घेऊन तिचे चार भाग काळे-पांढरे रंगवले, मधोमध भोक पाडून दोरी ओवली, खाली वजन बांधलं. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. दुपारी ऊन डोक्यावर असताना ती पाण्यात सोडायची. एकाने बाजूला छत्री धरायची, नाहीतर पाण्यात फक्त आभाळ दिसतं. थाळी खाली जाते, पांढरी होती ती हिरवट होते, मग शेवाळी, मग नुसता एक भास राहतो, आणि मग नाही. ती गाठ लक्षात ठेवायची. मग हळूहळू वर ओढायची. परत दिसली ती दुसरी गाठ. दोन्हींच्या मधलं माप ते पाण्याचं.

सांगायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात ती दिसेनाशी होते तो क्षण कुणालाच धड पकडता येत नाही. गेली असं वाटतं तरी दिसत असते. दिसतेय असं वाटतं तेव्हा गेलेली असते. मुलं त्या वेळी श्वास रोखतात. काही मुलं हात मागे घेतात. एक मुलगा म्हणाला होता, "दीदी, वो नीचे से देख रही है." त्यानंतर त्याने थाळी धरली नाही.

हेमिन कधी बिचकली नाही. कठड्याला पोट टेकून ती खाली बघत राहायची, पापणी न हलवता. तिचं माप इतकं नेमकं यायचं की मॅडमनी थाळी कायमची तिच्याकडे दिली. मी छत्री धरायची. जागा ठरलेली, तिसऱ्या खांबाजवळ.

पावसाळ्यात पाणी चहासारखं होतं. एका गाठीलाच थाळी गायब. हेमिनने ओळ लिहिली, "आज काहीच नाही." दिवाळीनंतर प्रवाह थांबला, गाळ खाली बसायला लागला, पाणी निवळत गेलं. तिच्या ओळी बदलल्या. एका आठवड्यात "आज केस." पुढच्या आठवड्यात "आज कपाळ." मग "आज खांदे, ओढणी नाही." मॅडम तर हरखून गेल्या. म्हणाल्या, "बघ, हिने नदीची मुलगी केलीय. पाणी निवळतंय तशी ती वरून खाली दिसायला लागलीय. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नाही." मीही मान डोलावली. मला कवितेतलं फार कळत नाही, पण हे कळलं असं वाटलं होतं.

शाळेच्या कार्यक्रमात मॅडमनी त्या ओळी माइकवर वाचल्या. शेवटची होती, "आज हात. बांगड्या हिरव्या, पण पाण्यात हिरवं काळं दिसतं." सरपंच, पाहुणे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या रांगेत मात्र कुणी टाळी वाजवली नाही. दोघी-तिघी उठून गेल्या. हेमिन खाली बघत उभी होती.

कार्यक्रमानंतर मुलं खाऊ खात होती. व्हरांड्यात ती एकटी दोरी गुंडाळत होती. मी सहज विचारलं, "हेमिन, ये लड़की कौन है? सोची हुई है ना?"

"नइ दीदी," ती म्हणाली. "मोर भोजली आय."

श्रावणात इथे मुली टोपलीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पिवळी रोपं गाणी म्हणत पाण्यात सोडतात. त्याला भोजली म्हणतात. थोडी रोपं राखून एकमेकींच्या कानावर खोवली, की त्या दोघी जन्माच्या मैत्रिणी. त्यानंतर त्या एकमेकींचं नाव घेत नाहीत. एकमेकींना भोजलीच म्हणतात. सख्ख्या बहिणीपेक्षा ते नातं मोठं मानतात.

हेमिनची भोजली आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला गेली. कुठे गेली हे कुणालाच माहीत नाही, आणि गोष्ट तिथेच अडली आहे. तिसऱ्या खांबाजवळच्या पायरीवर तिची चप्पल सापडली, शेजारी घासून ठेवलेली भांडी. त्याच दिवशी तिच्या घराला कुलूप लागलं. मजूर नेणारा सरदार गाडी घेऊन आला होता, त्या घरातली माणसं परराज्यात वीटभट्टीवर गेली. गाडीत ती होती असं कुणी म्हणतं. नव्हती, फक्त आईबाप आणि भाऊ होते, आई तोंडाला पदर लावून बसली होती, असंही कुणी म्हणतं. फोन लागत नाही. ती माणसं अजून परतलेली नाहीत.

"तुझे क्या लगता है?" मी विचारलं.

"मैं काहे सोचूँ? देख लेंगे ना," हेमिन म्हणाली. "किनारे से तो सिर्फ बादल दिखता है. थाली जाती है तब अंदर दिखता है. वो मेरे बराबर थी, दीदी. तो अभी हाथ तक आ गए. अब घुटना, फिर पाँव. नीचे तक दिख गया और वो नहीं है, तो भट्ठे गई है."

हे ती इतक्या शांतपणे बोलली, की मी नुसती तिच्या हातातल्या दोरीकडे बघत राहिले. इतके आठवडे आम्ही दोघी एकाच छत्रीखाली एकाच पाण्यात बघत होतो. मी थाळी बघत होते. ती थाळीच्या आजूबाजूला बघत होती.

मी मॅडमना सांगितलं. मग आम्ही दोघी हेडमास्तरांना भेटलो. ते म्हणाले, "सबको मालूम है, मैडम. मैं खुद थाने गया था. बोले, घरवाले ही नहीं हैं तो गुमशुदगी कौन लिखाए?" मॅडमनी आपल्या ओळखीने वीटभट्ट्यांकडे चौकशी सुरू केली. अजून चालू आहे. आणि हेमिनला थाळी द्यायची नाही, असं त्यांनी मला सांगितलं.

मी तो निरोप हेमिनपर्यंत पोचवला नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्या हातातून काढून घेऊन मी तिला काय देणार होते?

आईला मात्र हे सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती भाजी निवडता निवडता थांबली.

"तिची माय रडत होती म्हन्ते ना गाडीत?"

"कुणी म्हणतं, कुणी नाही म्हणतं."

"घर सोडून जातानी समद्याच रडतात व," आई म्हणाली. मग भाजी पुन्हा निवडायला घेत म्हणाली, "पन पदर तोंडाले नसते लावत. आवाज बाहेर येऊ नाही म्हनून लावते तो."

मग एके दिवशी गावात कोटवाराने, म्हणजे आपल्याकडच्या कोतवालाने, दवंडी दिली: सोमवारपासून कालव्याचं पाणी नदीत सोडणार, जनावरं पात्रात सोडू नका. उन्हाळ्यासाठी दरवर्षी धरणातून पाणी सोडतात. ते येताना सगळा गाळ उपसून आणतं. निवळलेलं पाणी पुन्हा चहा होणार. आमचा वर्ग पुढच्या बुधवारी होता. शनिवारी सकाळी हेमिनने शाळेतल्या बाईंच्या फोनवरून मला फोन केला. "दीदी, आज आ जाओ ना." एवढंच.

मी गेले. फेब्रुवारीतलं स्वच्छ ऊन होतं. अंधाराची लोकांना भीती वाटते, पण मला विचाराल तर नदीवरची खरी भीती भर दुपारची. सावल्या पायाखाली गेलेल्या असतात. पाणी हलत नाही. एनिकटवर दुसरं कुणी नव्हतं. आम्ही आलो तेव्हा कुठलाही आवाज थांबला नाही, कारण कुठलाही आवाज नव्हताच.

मी हेमिनच्या कमरेला ओढणी बांधली, दुसरं टोक कठड्याला. छत्री धरली. तिने थाळी सोडली.

गाठी एकेक करून तिच्या बोटांतून गेल्या. थाळी हिरवट झाली, शेवाळी झाली, आणि गेली नाही. आणखी खाली गेली, आणि तरीही गेली नाही. मग दोरी सैल पडली. थाळी तळाला टेकली होती आणि वरून दिसत होती, थोडी तिरपी, काळी-पांढरी. तिच्याभोवतीचा गाळ धुरासारखा उठला आणि हळूहळू बसला.

गाळ बसल्यावर थाळीच्या शेजारी हात दिसला.

पांढरा. तळवा वर, पाची बोटं उघडी. मनगटाच्या खाली गाळ.

माझ्या हातातली छत्री कलली आणि पाण्यात एकदम आभाळ भरलं. हेमिन म्हणाली, "दीदी, छाता." आवाज अगदी रोजचा. मी छत्री सरळ केली. हात परत दिसला. मी तिला म्हणाले, "चल, यहाँ से चल, गाँव में बताते हैं."

ती वाकून बघत होती, नेहमीसारखीच, पापणी न हलवता. कितीतरी वेळाने म्हणाली, "मूरति के हे."

मी परत बघितलं. बोटं सगळी एका लांबीची होती, एकमेकांपासून सारखी दूर. प्लास्टरचा हात, विसर्जनातल्या देवीचा. रंग धुऊन गेलेला. हे प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षं पडून राहतं, हे मीच मुलांना शिकवते. चित्र काढून शिकवते.

"भोजली की उँगली छोटी-छोटी थी," हेमिन म्हणाली. मग तिने थाळी इकडून तिकडे हलवली. तळ दिसेल तेवढा पाहिला. मातीचे दिवे, एक फुटका माठ, बांबूची काडी. पाय कुठेही नव्हते.

ती सरळ उभी राहिली. चेहरा उजळला होता. आठ महिन्यांत तिला असं मी पहिल्यांदाच बघत होते.

"नहीं है, दीदी. पूरा नीचे तक दिखा और नहीं है. तो वो भट्ठे गई है. नापा ना हमने?"

'हो' हा एवढासा शब्द. मी तो म्हणाले असते तर कुणाचं काय गेलं असतं? पण तिने मला मैत्रीण म्हणून विचारलं नव्हतं. दीदी म्हणून विचारलं होतं, जी दर वर्गात सांगते की जिथे मोजलं तिथलंच बोलायचं, एका बाटलीवरून सगळ्या नदीबद्दल बोलायचं नाही. आदल्या वर्षीच्या दिवाळीत एनिकटवरून पाणी वाहत होतं, हे मला माहीत होतं. वाहत्या पाण्यात काहीच जागेवर राहत नाही.

"इथे नाहीये, हेमिन," मी म्हणाले. मराठीतच तोंडातून निघालं. मग हिंदीत म्हणाले, "यहाँ नहीं है. हमने बस इतना नापा है."

तिला कळलं. लगेच कळलं, कारण ती माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी आहे. चेहऱ्यावरचा उजेड गेला नाही. नुसता आत सरकला. ती मान डोलावून म्हणाली, "हव."

ती चौथ्या खांबाकडे निघाली. ओढणीची गाठ मी सोडली आणि पुढे जाऊन बांधली. चौथ्यावर तळ दिसला, काही नव्हतं. पाचव्यावरही काही नव्हतं. ऊन कलेपर्यंत आम्ही शेवटच्या खांबापर्यंत गेलो. मग छत्री धरूनही पाण्यात आभाळच दिसायला लागलं.

हेमिन बांधाच्या खालच्या बाजूला बघत होती. तिथे नदी दगडांतून बारीक वाट काढत पुढे जाते.

"दीदी, ये आगे कहाँ जाती है?"

"शिवनाथ में."

"और वो?"

"महानदी में."

पुढचं तिने विचारलं नाही. दोरी ओली होती, ती पिळून तिने एकसारखी गुंडाळली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "ये छोटी पड़ेगी."

सोमवारी पाणी सोडलं. बुधवारी थाळी एका गाठीला गेली.

आता परत नदी निवळायचे दिवस आले आहेत. हेमिन नववीत गेली आहे, तरी वर्गाला येते. थाळी तिच्याकडेच राहू दे, असं आता मॅडमही म्हणतात. परवा मी गोल बाजारात दोरी घ्यायला गेले. दुकानदाराने गुंडी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि उलगडत उलगडत मागे सरकायला लागला. सरकता सरकता त्याने विचारलं, "बताओ बहनजी, कितना गहरा है?"

मी टोक धरून उभी राहिले. तो मागे सरकत राहिला आणि मी त्याला थांबवलं नाही.